बिनकोंबडीचं परडं

माझ्या नवऱ्याला खुर्चीची लय हौस. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, पर अख्खं गाव त्यांना शिवमूर्ती अप्पा म्हनतंय, मंग मी एकटीनं लपवून काय उपेग. सोनपेठच्या रस्त्याला आमचं दुकान हाय. गूळ, मीठ, ज्वारी, शेंगदाने. आमी लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला इभूत, आन् अंड्याचं टरफल बी कधी उंबऱ्याच्या आत आलेलं मला म्हाईत न्हाई. अशा घरच्या मानसाला एक दिवस जहागीरदाराच्या कोठीवरनं बोलावनं आलं. कारभारी दिनकररावांनी ‘बसा शेटजी’ म्हनून खुर्ची पुढं सारली. आमचा मानूस त्या खुर्चीत बसला तो मनानं आजून उठलेला न्हाई.

काम काय, तर पीरू सांभाळायचे. पीरू म्हंजे ती साहेब लोकांची टर्की कोंबडी. डोकं उघडंबोडकं, मान लालभडक, नाकावरनं मांसाची दोरी लोंबती, आन् नर पिसारा फुगवून चालला की वाटतं पोलीस पाटीलच आला. जहागीरदाराच्या कोठीवर बड्या दिनाला, म्हंजे नाताळाला, हैद्राबादेचे गोरे पाव्हने येनार व्हते. त्यांच्या ताटात हे पाखरू लागतंच म्हन. विकत आनलेलं न्हाई, आपल्याच जहागिरीत वाढलेलं, चांगलं दांडगं पायजे, असा मोठ्या मालकाचा हट्ट.

आता गावात पीरू न्हवते असं न्हाई. कडूबाईकडं व्हते. तिचा बाप हिंगोलीच्या छावनीत साहेबाची पाखरं राखायचा. छावनी उठली, साहेब गेला, पाखरं बापाच्या गळ्यात पडली. हिथल्या उनात वाढून वाढून ती काटक झाली, पर अंगानं बारकी, काळीसावळी. मांस म्हनाल तर कडूबाई स्वतःच म्हनायची, “वैनी, ह्याची तंगडी चावन्यापरीस वहान चावावी.” दिनकररावांनी मंग हैद्राबादेहून इलायती जोडी मागवली. मादी उनानं चार दिवसात गेली. नर तेवढा वाचला, सावलीत ठिवून, वरनं पानी मारून. तवा दिनकररावांनी बेत केला की नर इलायती आन् माद्या कडूबाईच्या. पिल्लू बापावानी दांडगं व्हईल आन् आईवानी काटक. कलमी आंबा असतोय तसे कलमी पीरू.

बेत चांगला, पर पहिल्या साली पिल्लं निघाली कडूबाईच्या अंगनात आन् पिवळं हगून हगून सगळी मेली. दिनकररावांनी हैद्राबादच्या जनावराच्या डाक्टरला इचारलं. डाक्टर म्हनला, कोंबड्या जिथं उकरत्यात त्या मातीतच ह्या पाखराचं मरन असतं. कोंबडीला काही व्हत न्हाई, पीरू जातो. ज्या जागेला कधी कोंबडीचं पाऊल लागलं न्हाई अशी जागा बघा.

आता तुमीच सांगा, गावात अशी जागा कुठं मिळंल? पाटलाच्या दारात कोंबड्या, मारुतीच्या पाराखाली कोंबड्या, मशिदीच्या भिंतीवर कोंबड्या. बामनाचं एक घर हाय, त्याला परडंच न्हाई. आमच्यातल्या बाकीच्यांची परडी बिनकुंपनाची, शेजारच्या कोंबड्या तिथं उकरून जातेत. ऱ्हायलं कोन? आमी. आमच्या परड्याला दगडी कंपौंड, मधी लिंबाचं झाड, आन् वाडवडलांपासून तिथं कोंबडीचं पीस सुदिक पडलेलं न्हाई. आमच्या आज्या-पंज्यानं जीव मारला न्हाई, खाल्ला न्हाई, म्हनून ती माती चोख ऱ्हायली. आन् त्या चोखपनावरच कोठीचा डोळा पडला, कापायची पाखरं तिथं चांगली वाढतील म्हनून. किती पिढ्यांचं पुन्य ते, आन् कुनाच्या कामाला आलं बगा.

“तुमी काय म्हनलात मंग?” म्या ह्यांना इचारलं.

“म्हनलं, बघू.”

“खुर्चीत बसून म्हनलात का उठून?”

हे चिडले. “भागम्मा, तुझी जीभ लय चालती. आपन काय सुरी धरनार हावोत का? आपन दाना टाकायचा. ज्वारी कोठी आपल्याच दुकानातनं घेनार. कामाला कडूबाई येनार. पाखरं मोठी झाली की ते घेऊन जातील. पुढं काय करतेत ते त्यांचं त्यांच्यापाशी.”

“बकरं धरनारा येगळा आन् कापनारा येगळा, तसंच ना?”

ह्यावर त्यांनी पगडी उचलली आन् दुकानात जाऊन बसले. उत्तर नसलं की आमच्यांना दुकान आठवतं.

मला भ्याव एकाच गोष्टीचं व्हतं, स्वामींचं. दर सरावनात गंगाखेडाकडून मठाचे स्वामी आमच्या गावी येतेत. लिंगायतांची घरं गावात बरीच हायेत, पर स्वामींचं पान पडतं ते आमच्याच घरी. माझ्या सासूच्या सासूपासनं हे चालत आलंय. लग्नात पहिला टिळा आमाला, भांडनतंट्यात शेवटचा शब्द आमचा, हे सगळं त्या एका पानाच्या जिवावर. ज्या साली स्वामी आमच्या घरचं अन्न नको म्हनतील, त्या साली आमच्या हातचं पानी बी कोन पिनार न्हाई. हे ह्यांना कळत न्हवतं असं न्हाई. “तवाचं तवा बघू,” एवढंच म्हनायचे.

पाखरं आली. म्या एकच अट घातली, की अंडं उंबऱ्याच्या आत येनार न्हाई. कडूबाई मागच्या दारानं परड्यात येईल, अंडी तिथंच माद्यांच्या पोटाखाली बसवील, आन् घरात तिचा हात लागनार न्हाई. कडूबाई म्हनली, “वैनी, मला तुमच्या घरात काय करायचंय, तुमच्या घरात ना मटन ना मच्छी.” तिच्या तोंडाला बी काही कुलूप न्हाई.

पर दोन दिवसांत माद्यांच्या पाठी फाटल्या. नर जड, नख्या ह्या एवढ्या. तो पाठीवर चढला की बारकी देशी मादी भुईला चिटकायची आन् कातडं सोलून निघायचं. कडूबाई म्हनली, ह्यांच्या पाठीवर काही बांधाया पायजे, घोड्याला खोगीर घालतेत तसं. ते शिवायचं कोनी? तिला सुई धरता येत न्हाई. मंग मीच दुकानातलं जाड पोतं कापलं, पंखाखालनं जायला बंद लावले आन् ओसरीवर बसून खोगीरं शिवायला घेतली. येनारी-जानारी इचारायची, “काय शिवायलीस भागम्मा?” आता काय सांगू? त्या मुडद्या नराला सोयीचं जावं म्हनून पाखराला झूल शिवायले? लाजंनं कान तापायचे माझे. “बैलाची मुसकी,” म्हनायची. आमच्याकडं बैल न्हाई हे गावाला म्हाईत हाय. कडूबाई परड्यात पदरात तोंड घालून हसत बसायची.

खोगीरं घातल्यावर माद्यांच्या पाठी भरून आल्या आन् मला बरं वाटलं, हे बी खरं हाय. जखम भरली की कुनालाबी बरंच वाटतं.

पिल्लं निघाली ती उन्हाळ्याच्या तोंडी. लहानपनी त्यांना उकडलेलं अंडं कुस्करून चारतेत म्हन. आमच्या परड्यात ते चालनार न्हाई म्हनून म्या सांगितलं. त्याच्या बदली दही, भिजवलेली हरबऱ्याची डाळ आन् बारीक चिरलेली कांद्याची पात दिली. पिल्लं अशी येडी, की समोर दाना असून दिसत न्हाई, चोचीला बोट लावून शिकवावं लागतंय. मी शिकवलं. सकाळी लिंगपूजा करायची, हात धुवायचे, आन् त्याच हातानं पीरूच्या पिल्लाला खायला शिकवायचं. मनाला म्हनायची, मुका जीव हाय, त्याचा काय गुन्हा.

वैशाखात वळवानं गाठलं. एका दुपारी असा पाऊस वतला की परड्यात पान्याचं तळं झालं. कडूबाई लेकीकडं गेलेली. पिल्लं भिजून एकावर एक चढली आन् खालची चिरडायला लागली. पीरूच्या पिल्लाला ओल लागली की ते गेलंच समजा. मी काय करू? टोपल्यात भरली, वरनं लुगडं टाकलं आन् उंबरा वलांडून थेट चुलीपाशी आनली. अंडं आत येऊ दिलं न्हाई आन् अंड्यातनं निघालेलं मीच हातानं आत आनलं. सांजच्याला हे दुकानातनं आले, बघितलं. मंग वाळलेल्या शेंगांची टरफलं आनून टोपल्यात पसरली. आमच्या लग्नाला इतकी वर्सं झाली, पर आमी दोघं एका कामाला अशी खाली मुंडी घालून कधी बसलो न्हवतो.

एक बी पिल्लू मेलं न्हाई. दिनकररावांनी कोठीवर ह्यांना पुन्यांदा खुर्चीत बसवलं.

मंग तोलायचं खूळ निघालं. दिनकररावांना दर बाजाराला वजन कळवायचं असायचं, कलमी पिल्लू देशीपेक्षा किती भरतंय ते. हे दुकानाचा काटा परड्यात न्यायचे, पाखराचे पाय बांधायचे, पोत्यात गुंडाळून पारड्यात ठिवायचे. दुसऱ्या पारड्यात गुळाची वजनं. “भागम्मा, बग, देशीच्या दुप्पट,” असं हाक मारून सांगायचे. मी हातातलं काम टाकून पळत जायची. खोटं कशाला बोलू, माझं काळीज फुगायचं. चुलीपाशी ऊब दिलेलं पिल्लू आता माझ्या हातात मावत न्हवतं. मंग एकदम ध्यानात यायचं कशासाठी तोलायलोत ते, आन् मला माझीच शिसारी यायची. पर फुढच्या बाजाराला मी पुन्हा पळत जायचीच. अशी मी निर्लज्ज.

गाव तोंडावर काही बोललं न्हाई. बोललं असतं तर बरं झालं असतं. एक दिवस चतुराबाई दुकानात आली. ती आमच्यातलीच, दोन घरं टाकून पल्याड ऱ्हाती. ह्यांनी काटा उचलला तर म्हनली, “अप्पा, गूळ अंदाजानंच द्या. तुमच्या काट्यावर आजकाल जीव बसतोय.” दुकानातली मानसं हसली. हे बी हसले, गिऱ्हाईक हसलं की दुकानदारानं हसायचं असतं म्हनून. मी आतल्या दाराआड हुभी व्हते. भुई फाटावी आन् पोटात घ्यावं असं झालं मला. त्या दिवसापासनं मी काटा चिंचेनं घासायला लागले. घासून घासून पितळ पांढरं झालं, पर लोक अंदाजानंच गूळ मागायला लागले. मस्करी म्हनून सुरू झालेली गोष्ट रीत झाली.

“पाखरं पाठवून द्या,” म्या ह्यांना म्हनलं. “स्वामी यायच्या आत पाठवा. नंतर पुन्हा आना पायजे तर.”

“कुठं पाठवू? बाकी सगळ्या गावात कोंबड्या हायेत. मरतील.”

“बड्या दिनाला तरी काय जगनार हायेत?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. त्यांना बी हे दुखायलतं हे मला तवा कळलं, पर ज्या मानसाला खुर्ची मिळाली त्याला ती सोडून भुईवर बसायची जास्त लाज वाटती. दिनकररावांना न्हाई म्हनायची त्यांची छाती न्हवती. कोठीला न्हाई म्हननारा ह्या जहागिरीत आजून जन्मायचाय, हे बी तितकंच खरं.

सरावनातला सोमवार आला. स्वामींची बैलाची दमनी वेशीत आली आन् सगळी लिंगायत मंडळी आमच्या ओसरीवर जमली. एरवी इतकी येत न्हाईत. ह्या खेपेला लेकरंबाळं घेऊन आली, कारन समद्यांना बघायचं व्हतं. स्वामी आता लय थकलेत, नजर अधू झालीय, उतरताना दोघांचा आधार लागतो. आमी पाटावर बसवून पाय धुतले, पाद्यपूजा मांडली. मनातल्या मनात मी परड्याकडं कान लावून व्हते. म्या कडूबाईला सांगून ठिवलं व्हतं, पाखरांना दाना जास्त टाक, चोच उघडायला सवड देऊ नको.

आन् मठाच्या मानसानं शंख फुकला.

पीरूचं असं असतंय, मोठा आवाज झाला की नर त्याला जाब देतो. परड्यातनं सगळे नर एकदम वरडले, गुडगुडगुडगुड करून, इलायती बाप आन् त्याची कलमी पोरं मिळून. शंख थांबला. वरडनं थांबलं. मानसानं पुन्हा शंख फुकला, पुन्हा सगळे वरडले. घंटा वाजवली तर घंटेला वरडले. लेकरं खो खो हसायला लागली, मंग बाया, मंग बाप्ये. देवाच्या कामात आमच्या घरचं पाप सूर धरून बसलं व्हतं.

“कसला आवाज?” स्वामींनी इचारलं. “मोर हायेत का?”

“न्हाई स्वामी,” आमचे म्हनले. “परदेशी पाखरं हायेत. सांभाळलीत.”

“कशासाठी?”

गळ्यातल्या लिंगाला हात लावून हे म्हनले, “मुक्या जिवाची सेवा, स्वामी. दुसरं काय.”

मला वाटलं आता कोनीतरी बोलंल. चतुराबाई बोलंल, तिचा नवरा बोलंल. कोनी बोललं न्हाई. कोठीच्या कामात तोंड घालून वैर कोन घेनार? स्वामींना पाखरं बघायची इच्छा झाली. धरून धरून परड्यात नेलं. एक कलमी नर, चुलीपाशी वाढलेला, मानसाला न भेनारा, पिसारा फुगवून त्यांच्या पायापाशी आला. स्वामींनी वाकून त्याच्या पाठीवरनं हात फिरवला आन् लहान लेकरावानी हसले. बोटानं इभूत काढून त्याच्या डोक्याला लावली. मंग मागं वळून सगळ्या मंडळींना म्हनले, “बघा, ह्याला म्हनतेत दया. आपलं पोट सगळेच भरतेत. दुसऱ्याच्या जिवाला घरात आसरा द्यायला शिवमूर्तीसारखं मन लागतं. तुमी बी शिका.”

शिवी दिली असती तर मी झेलली असती. हे कौतुक माझ्या अंगात काट्यावानी घुसलं. मंडळी माना खाली घालून हुभी, कोनी खोकलं, कोनी लेकराला चापट मारली. ह्यांनी हात जोडलेले आन् डोळे मिटलेले. बघनाऱ्याला वाटावं भक्तीनंच मिटलेत.

स्वामी जेवतात ते माजघरात, पडद्याआड. तिथं निस्तं घरचं जोडपं असतंय, मी वाढायला आन् हे पंखा घालायला. ताट मांडलं. भात, वरन, तूप, पुरन. स्वामींनी लिंग हातात घेऊन डोळे मिटले, पुटपुटले, आन् पयला घास कालवला.

आता बोलले न्हाई तर हा सादा मानूस खोट्यावर जेवनार. बोलले तर उठनार, आन् बाहीर सगळं गाव बसलंय. माझ्या सासूच्या सासूपासनंचं पान माझ्या हातनं जानार. मंग मी गुडघ्यावर बसले.

“स्वामी, घास उचलायच्या आधी एक ऐका.”

ह्यांचा पंखा थांबला.

“ती पाखरं सेवेची न्हाईत. बड्या दिनाला कापायची हायेत. आमी खाऊ घालून मोठी करायलोत आन् दर बाजाराला तोलायलोत. तुमी ज्याच्या डोक्याला इभूत लावलीत ते बी कापायचंच हाय.”

हळूच बोलले, बाहीर ऐकू जाऊ नये म्हनून. एवढं खरं बोलताना बी माझं निम्मं ध्यान अब्रूकडंच व्हतं.

स्वामींचा घास ताटावरच ऱ्हायला. म्हनले, “कुनाची हायेत?”

“कोठीची.”

“कोठीची,” ते म्हनले. निस्तं तेवढंच.

मी त्यांच्या तोंडाकडं बघायलते. मनातनं सांगते, मी वाट बघायलते. आता उठतील, ताट सारतील, म्हनतील तुझ्या घरचं पानी बी नको मला. मी पाय धरीन, रडीन, पर कोनीतरी आमाला वरडलं तरी असं व्हईल. इतके दिवस सगळे हसलेच व्हते. एका तरी मानसानं आमाला तोंडावर वाईट म्हनायला पायजे व्हतं.

स्वामी वरडले न्हाईत. त्यांचा आवाज पार खाली गेला. “मठाची जमीन कोठीच्या सनदेवर हाय, बाई. मी पानावरनं उठलो तर कामून उठलो हे सांजच्या आत कोठीवर जाईल.” मंग म्हनले, “तू सांगायला नको व्हतंस.”

आन् तो घास त्यांनी तोंडात घातला.

जेवताना स्वामी दर खेपेला बोलतेत. पुरनात जायफळ जास्त झालं म्हनतेत, माझ्या सासूची आठवन काढतेत. त्या दिवशी वर बघितलं न्हाई. भराभरा गिळायलते, चोरून खानाऱ्यानं खावं तसं. मी वाढलं तर हात आडवा केला न्हाई, हूं म्हनले न्हाईत. मला इतकी लाज आजपातुर कधी वाटली न्हाई. आमची लाज आमच्यापुरती व्हती, ती म्या उचलून ह्या म्हाताऱ्या मानसाच्या घशात कोंबली. ह्यांनी पुन्हा पंखा हलवायला सुरवात केली. त्यांच्या तोंडावर तर सुटका झाल्याचं दिसायलतं.

आमच्यात ताटात शीत टाकत न्हाईत. पर जेवन संपायच्या आत स्वामी आपल्या हातानं ताटातला घास काढतेत आन् घरच्या बाईच्या वंजळीत घालतेत. तो प्रसाद. तो घेऊन मी बाहीर जायचं आन् दाना दाना सगळ्या बायांच्या हातावर ठिवायचा. त्याच्यासाठीच त्या बसलेल्या असतेत. मी वंजळ पुढं केली. स्वामींनी शेवटचा भात कालवला. माझ्या वंजळीकडं बघितलं. बघितलं हे म्या पाह्यलं. मंग तो भात सगळा आपनच खाल्ला, तांब्या वडला आन् ताटातच हात धुतला.

स्वामींना धरून मठाच्या मानसानं ओसरीवर नेलं. ह्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हनलं, “इसरले. वय झालंय आता.” आन् भाताचं भगुनं माझ्यापुढं सारलं. “ह्यातला मूठभर घे, तूप टाक आन् वाट. कुनाला काय कळतंय. स्वामी जेवले न्हवं आपल्याकडं? आता बघू कोन काय बोलतंय ते.”

म्या भगुन्याला हात लावला न्हाई. तशीच बाहीर गेले.

बाया वळीनं बसल्या व्हत्या, हात पुढं करून. स्वामी पायरीवर बसून खडावा घालायलते. चतुराबाई सगळ्यात पुढं. “आन की भागम्मा प्रसाद,” म्हनली, “हात दुखायले.”

“प्रसाद न्हाई,” म्या म्हनलं.

“म्हंजे?”

“इसरले स्वामी,” माझ्या मागनं ह्यांचा आवाज आला. “वय झालंय.”

“इसरले न्हाईत,” म्या म्हनलं. मोठ्यानं म्हनलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हनून. “आमच्या घराला दिला न्हाई. आन् द्यायसारखं घर बी आमचं ऱ्हायलं न्हाई.”

स्वामींनी खडावा घातल्या आन् मान वर न करता तसेच बसून ऱ्हायले. चतुराबाईनं पुढं केलेला हात पदरात घेतला. ती उठली, तिच्यामागं एक एक करून बाकीच्या उठल्या. स्वामी दमनीत बसले तवा पाया पडायला सगळं गाव पुढं झालं. आमच्या घरचं कोनी गेलं न्हाई.